कासवाच्या पाठीवरचे बिऱ्हाडकरू

समुद्री कासवाच्या पाठीवर पुष्कळदा पांढरट, खडबडीत चकत्या दिसतात. काही बटणाएवढ्या, काही रुपयाहून मोठ्या. बघणारा म्हणतो, शिंपले चिकटलेत. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसचाही तोच समज होता. त्याने यांना शिंपल्यांच्या पंक्तीत बसवलं. १८३० मध्ये जॉन वॉन थॉम्पसनने यांची पोहणारी पिल्लं वाढताना पाहिली आणि गोत्र कळलं. ही बार्नेकल्स, कोळंबी-खेकड्यांचे भाऊबंद.

पिल्लू शेवटच्या अवस्थेत खाणं सोडून फक्त जागा शोधतं. ती पसंत पडली की डोक्याकडून डिंक सोडून चिकटतं, भोवती चुन्याच्या भिंती उभारतं आणि उरलेला जन्म डोकं खाली, पाय वर अशा थाटात काढतं. पिसांसारखे पाय बाहेर काढायचे, पाण्यातले कण ओढायचे, झालं जेवण. डार्विन १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या कुळात गुंतून पडला होता, ते उगाच नाही.

एकदा चिकटलेलं बार्नेकल हलत नाही, हा पाठ मात्र कासवावरच्या ‘केलोनिबिया टेस्टुडिनारिया’ने खोटा ठरवला. ते सरकतं! २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कासवांवरची बार्नेकल्स वर्षाला ७८.६ मिलिमीटरपर्यंत सरकलेली आढळली. तीही बहुधा प्रवाहाच्या उलट दिशेने, अधूनमधून काटकोनात वळत. मीलनासाठी शेजाऱ्याच्या ओढीने नव्हे, चांगला घास मिळावा म्हणून, असा संशोधकांचा निष्कर्ष. मागे डिंकाच्या थरांची वाट उरते. सरकतं नेमकं कसं, हे त्यांनाही उलगडलं नाही.

याच पाठीवर अँफिपॉड हे कोळंबीसारखे बारीक जीवही नांदतात. लॉगरहेड कासवाच्या शेपटीजवळच्या फटीत तर ‘प्लेन्स’ नावाचा चिमुकला खेकडा राहतो, बहुधा जोडप्याने. जागाच दोघांपुरती!

हे भाडेकरू कासवाचा जीव घेतात का? थोडं ओझं निरोगी कासव सहज वागवतं. अंगभर थर चढलेलं कासव बहुतेकदा आधीच आजारी, मंदावलेलं असतं. ते हलत नाही, म्हणून थर वाढतो. बार्नेकल्सच्या काही जाती कातडीत रुतलेल्या असतात. उपटल्या तर जखम होते. तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावर असं कासव लागलेलं दिसलं, तर चाकूने खरवडू नका, पाण्यातही ढकलू नका. सावली करा आणि वनविभागाला कळवा.