रोग रेड्याला, औषध पखालीला : प्लगभोवतीच्या तेलाची गोष्ट

बदली हा बँक कर्मचाऱ्याच्या जीवनाचा अविभाज्य भाग. अशाच एका बदलीने मी झाशीला आलो. 1742 साली नारोशंकर येथे पेशव्यांचे सुभेदार म्हणून आले, त्या काळापासून या शहरात मराठी घरे नांदत आहेत. त्यामुळे परकेपणा फार दिवस टिकला नाही. अंगवळणी पडला नाही तो मात्र येथील उन्हाळा. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्याही वर चढतो. अशाच एका मे महिन्यात माझी नऊ वर्षांची पेट्रोल मोटार सकाळी सुरू होताना थरथरू लागली, चढावर दम टाकू लागली आणि बॉनेटखालून जळक्या तेलाचा वास येऊ लागला.

गॅरेजमध्ये मेकॅनिकने एक प्लग काढून माझ्यासमोर धरला. तो वरपासून खालपर्यंत तेलाने माखलेला होता. “इंजिन तेल खाते आहे, पूर्ण काम काढावे लागेल,” असे निदान झाले आणि हाती आलेला खर्चाचा अंदाज माझ्या दोन पगारांहून अधिक होता. त्या संध्याकाळी मी वैयक्तिक कर्जाच्या हप्त्याचे गणित मांडत बसलो असता शेजारचे काका आले. रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातून ते निवृत्त झालेले. सारे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, “प्लग काढण्याआधी खाचेतले तेल पुसले होते का हो?”

पुसले नव्हते. साऱ्या प्रकरणाचे मर्म याच प्रश्नात होते.

प्लगचे घर

पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवेचे मिश्रण ठिणगीने पेटते. इग्निशन कॉइल बॅटरीच्या 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. चारस्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला सेकंदाला 25 वेळा हे काम करावे लागते. जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासोबतचा प्लग सिद्ध केला. आजचा प्लगही मुळात त्याच तत्त्वावर चालतो.

अलीकडच्या अनेक इंजिनांत प्लग हेडच्या मध्यभागी, एका खोल नळीच्या तळाशी बसवलेला असतो. ही नळी टॅपेट कव्हरमधून वर येते. कव्हरखाली कॅमशाफ्टवर सतत तेल उडत असते. ते नळीत शिरू नये म्हणून नळीच्या तोंडाशी रबरी सील आणि कव्हरच्या कडेला गॅस्केट असते. इंजिनाच्या उष्णतेने हे रबर वर्षानुवर्षे भाजून कडक होते, त्याला भेगा पडतात आणि तेल नळीत झिरपते. कडक उन्हाळा या झिजेला हातभारच लावतो.

तेल स्वतः विजेचे वाहक नसते. तथापि, कॉइलचे रबरी टोपण तेलात भिजून फुगते व मऊ पडते. मग ठिणगी प्लगच्या टोकाकडे न जाता आडवाटेने हेडच्या धातूकडे निसटते. गाडी ‘मिसिंग’ करते ती यामुळे. बाहेर ओघळलेले तेल तप्त एक्झॉस्टवर पडले तर वास येतो, धूर होतो आणि क्वचित आगीचाही धोका संभवतो.

दोन टोके, दोन निदाने

तेल प्लगच्या वरच्या भागावर, म्हणजे आट्यांच्या वर पांढऱ्या चिनीमातीवर व कॉइलच्या टोपणावर असेल, तर दोष बहुधा सील व गॅस्केटचा. तेल खालच्या टोकावर, म्हणजे ठिणगी पडते तेथे असेल, तर ते सिलिंडरच्या आतून आलेले असते. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजल्याची ती खूण. अशा गाडीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येतो: उभी गाडी सुरू करताच क्षणभर आला तर व्हॉल्व्हच्या सीलांचा, वेग वाढवताना येत राहिला तर रिंगांचा संशय घ्यावा. कॉम्प्रेशनची तपासणी करून खात्री करून घेता येते.

परंतु येथे एक फसगत आहे. नळीतले तेल न पुसता प्लग काढला, की ते तेल ओघळून खालचे टोकही माखते आणि सिलिंडरमध्येही उतरते. साधा रोग मग असाध्य वाटू लागतो. माझ्या गाडीचे असेच झाले होते.

दुरुस्तीचा क्रम

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची ऋण तार सोडावी.
2. कॉइल एकेक करून काढावी व तिचा क्रमांक लिहून ठेवावा. टॉर्चच्या उजेडात प्रत्येक नळी पाहावी.
3. काठीला गुंडाळलेल्या स्वच्छ फडक्याने सारे तेल टिपून घ्यावे. डोळ्यांवर चष्मा लावून, दाबाच्या हवेने नळीतील कचरा उडवावा. त्यानंतरच प्लग काढून त्याचे टोक तपासावे. कोरडे, फिकट तपकिरी टोक निरोगी समजावे.
4. टॅपेट कव्हर उतरवून गॅस्केट व नळीची सीले एकाच वेळी बदलावीत. जुन्या गॅस्केटचे अवशेष राहू देऊ नयेत. काही गाड्यांत सील कव्हरमध्येच जडवलेले असते. तेथे संपूर्ण कव्हर बदलावे लागते.
5. बोल्ट मध्यापासून कडेकडे, थोडेथोडे, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळावेत. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, कव्हर मात्र तडकते.
6. प्लग आधी हाताने फिरवून आट्यांत बसवावा, मग पाना लावावा. अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे नाजूक असतात. तेलाने फुगलेले टोपण बदलावे.
7. इंजिनातील वायू बाहेर नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासावा. तो तुंबला तर आतला दाब नव्या सीलांतूनही तेल बाहेर ढकलतो.

शंभर-दोनशे किलोमीटरनंतर नळ्या पुन्हा पाहाव्यात.

खर्चाचा विचार

झिजेमुळे होणारी अशी दुरुस्ती सर्वसाधारण मोटार विम्यात बसत नाही. भार आपल्याच खिशावर पडतो. म्हणून इंजिन उघडण्यास संमती देण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक घ्यावे, कॉम्प्रेशनचे आकडे मागावेत आणि बदललेले जुने भाग परत मागून पाहावेत. जाणकार मेकॅनिकला याचा राग येत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी उरलेल्या तीन नळ्या माझ्याकडून पुसून घेतल्या आणि मग प्लग काढायला लावले. तिन्ही प्लगांची टोके कोरडी, तपकिरी निघाली. सीले, गॅस्केट, एक टोपण आणि मजुरी मिळून झालेला खर्च माझ्या महिन्याच्या पेट्रोलहून कमी होता. कर्जाच्या गणिताचा कागद मी फाडून टाकला. कर्ज मंजूर करण्यापूर्वी आपण अर्जदाराची कागदपत्रे बारकाईने पाहतो. स्वतःसाठी कर्ज काढण्यापूर्वी प्लगचे टोक तेवढ्याच बारकाईने पाहायला काय हरकत आहे?