अणुवीजकेंद्राची पाहणी आणि पाहणीचा शेरा

ज्यांच्या विहिरीवर विजेचा पंप आहे त्यांस वीज कोठून येते ह्याची चौकशी करण्याचें सहसा कारण पडत नाहीं. पंपानें पाणी उचललें म्हणजे झालें. परंतु आपल्या पालघर जिल्ह्यांत तारापूर येथें १९६९ सालीं अणुशक्तीपासून वीज उत्पन्न होऊं लागली, तेव्हांपासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो कीं, "ह्यापासून धोका नाहींना ?" त्यास ठरलेलें उत्तर असें मिळतें कीं, "तेथें वेळच्या वेळीं तपासणी होत असते." हें उत्तर खोटें नव्हे. ह्या कामाच्या देखरेखीसाठीं १९८३ सालीं अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालें असून त्याचे अधिकारी केंद्रांत जाऊन पाहणी करितात. तथापि पाहणी म्हणजे नक्की काय, ती केव्हां उपयोगी पडते आणि केव्हां पडत नाहीं, हें कळल्यावांचून नुसत्या उत्तरानें कोणीं स्वस्थ बसूं नये, असें आम्हांस वाटतें.

आम्ही अणुशास्त्राचे जाणते नव्हों. आमचें शिक्षण मराठी शाळेंत सातव्या इयत्तेपर्यंत झालें आणि पुढील सर्व काळ महसूल खात्याच्या दप्तरांत गेला. परंतु पाहणीचीं रजिस्टरें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत, व त्यांतील शेरे कसे लिहिले जातात हेंही जाणतों. म्हणून अमेरिकेंतील एका केंद्राची हकीकत येथें देत आहों. ती ऐकीव नव्हे. तेथील सरकारच्याच चौकशींतून ती उघडकीस आली आहे.

केंद्राची रचना.—डेव्हिस-बेसी नांवाचें हें केंद्र ओहायओ संस्थानांत ईरी सरोवराच्या कांठीं आहे. तें १९७८ सालीं रीतसर चालू झालें. अणुभट्टी म्हणजे एक प्रचंड पोलादी भांडें. त्यांत युरेनियमच्या कांड्या असतात व त्यांच्या उष्णतेनें पाणी तापतें. तें उकळूं नये म्हणून त्यावर हवेच्या दाबाच्या सुमारें १५० पट दाब ठेवावा लागतो. भांड्याच्या तोंडावर सुमारें साडेसहा इंच जाडीचें पोलादी झांकण असून त्याच्या आंतल्या अंगास न गंजणाऱ्या पोलादाचें अवघें तीन सूत जाडीचें अस्तर आहे. ह्या झांकणांतून ६९ नळ्या आरपार गेल्या आहेत. भट्टीचा जोर आवरणारे दांडे बहुतेक नळ्यांतून खालींवर होतात.

भट्टीच्या पाण्यांत बोरिक ॲसिड मिसळलेलें असतें. द्राक्षाच्या फुलोऱ्याच्या वेळीं बोरॉनची फवारणी करणाऱ्या आमच्या बागाइतदारांस हें नांव नवें नाहीं, आणि कॅरमच्या फळीवर टाकावयाची पांढरी पूड सर्वांच्याच ओळखीची आहे. भट्टींत त्याचें काम युरेनियमचा जोर बेतांत ठेवण्याचें. नळीस चीर पडून हें पाणी बाहेर झिरपलें कीं पाणी उडून जातें व पांढरी पूड मागें राहते. कोरडी पूड विशेष अपाय करीत नाहीं; परंतु तिच्याखालीं ओल मुरत राहिली म्हणजे तापलेलें साधें पोलाद ती हळूहळू खाऊं लागते. म्हणून झांकणावर पूड कोठें जमली आहे काय हें पाहणें, जमली असल्यास ती सर्व काढणें, आणि ती कोठून आली ह्याचा शोध लावणें, हीं तिन्ही कामें नेमाच्या पाहणींतच मोडतात.

पांढऱ्या पुडीचा तांबडा रंग.—गळीत हंगाम संपल्यावर साखर कारखाना आपले बॉयलर उघडून साफ करतो, त्याप्रमाणें हें केंद्र दर दोन वर्षांनीं इंधन बदलण्यासाठीं बंद ठेवीत. झांकण पाहण्याची हीच खरी वेळ. परंतु झांकणावर लोखंडी सांगाडा व उष्णता अडविणारें आवरण असल्यामुळें वरून कांहींच दिसत नसे. सांगाड्याच्या बुडाशीं लहान लहान झरोके होते. त्यांतून काठीच्या टोकास कॅमेरा बांधून जेवढें दिसेल तेवढें पहावयाचें. झांकणाचा माथा, जेथें पूड अधिक जमे, तोच नेमका दिसत नसे. मोठे दरवाजे कापून घ्यावे अशी सूचना १९९० सालींच झाली होती, परंतु ती प्रत्येक वेळीं पुढें ढकलली गेली. शिवाय किरणोत्साराच्या जागीं माणसास फार वेळ थांबतां येत नाहीं, आणि केंद्र बंद राहील तितके दिवस उत्पन्न बुडतें. तेव्हां काम लवकर आटपण्याकडे सर्वांचा कल असे.

१९९६ आणि १९९८ च्या पाहणींत झांकणावर पूड आढळली. ती पूर्णपणें काढली गेली नाहीं. १९९९ सालापासून आणखी चिन्हें दिसूं लागलीं. इमारतींतील हवा थंड करणाऱ्या यंत्रांवर पूड बसूं लागली व तीं पुनःपुन्हां धुवावीं लागलीं. हवेंतील किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रांचीं गाळणीं एरवीं महिनाभर चालत. तीं एक दिवसाआड बदलण्याची पाळी आली. त्यांवरील मळ तपासतां त्यांत लोखंडाचा गंज निघाला. गंज आहे म्हणजे कोठेंतरी लोखंड झिजत आहे, एवढें आमच्या गांवचा लोहारही सांगेल. परंतु उपाय काय झाला, तर हवा गाळण्याचीं आणखी यंत्रें आणून बसविण्यांत आलीं !

२००० सालीं भट्टी उघडली तेव्हां झरोक्यांतून पूड बाहेर ओघळलेली होती, आणि ती पांढरी नसून तांबूस झाली होती. तिचें छायाचित्रही घेतलें गेलें. गरम पाण्यानें ती धुण्याचा प्रयत्न झाला, कांहीं थर तसाच राहिला, वेळ संपली आणि केंद्र पुन्हां चालू झालें. दप्तरांत मात्र काम ठरल्याप्रमाणें पार पडल्याची नोंद झाली.

मुदतीचा प्रश्न.—२००१ च्या वसंतांत दुसऱ्या एका अमेरिकन केंद्राच्या झांकणांतील नळ्यांस आडव्या चिरा आढळल्या. अशी नळी दाबानें उडून गेली तर भट्टींतील पाणी निसटेल. म्हणून अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानें ऑगस्ट महिन्यांत सर्व केंद्रांस विचारणा केली, आणि ज्यांस अधिक धोका त्यांनीं ३१ डिसेंबर २००१ पूर्वीं पाहणी उरकावी असें सुचविलें. डेव्हिस-बेसीच्या चालकांनीं मार्चअखेरपर्यंत मुदत मागितली, व मागील तीन पाहण्यांचा दाखला दिला. त्या तिन्ही अपुऱ्या होत्या. परंतु त्या पुऱ्या झाल्या आहेत असा समज व्हावा अशा रीतीनें तो दाखला लिहिला होता. केंद्र बंद करण्याच्या हुकुमाचा मसुदा आयोगाच्या कचेरींत तयार झाला होता. तो काढला गेला नाहीं, आणि १६ फेब्रुवारी २००२ ही तडजोडीची तारीख ठरली.

त्या दिवशीं केंद्र बंद झालें. पाहणींत तीन नळ्यांस आरपार चिरा निघाल्या. मार्चच्या आरंभीं त्यांतील एक नळी दुरुस्त करीत असतां ती जागची हलली. तिला धरून ठेवणारें पोलादच तेथें नव्हतें! पूड दूर करतां झांकणांत सुमारें सात इंच लांब व चार-पांच इंच रुंद असें भगदाड दिसलें. साडेसहा इंच पोलाद खाल्लें जाऊन तळाशीं केवळ तें तीन सुतांचें अस्तर शिल्लक होतें, आणि आंतील दाबानें तें फुगून वर आलें होतें. त्या भट्टीचा सर्व भार किती काळ त्या पत्र्यावर होता ह्याचा विचार करतां अंगावर कांटा येतो. सुदैवानें तो फुटला नाहीं, किरणोत्सार बाहेर गेला नाहीं, कोणास इजाही झाली नाहीं.

नवें झांकण बसवून केंद्र पुन्हां सुरू होण्यास मार्च २००४ उजाडला. थोडे आठवडे वांचविण्यासाठीं दोन वर्षें गेलीं. आयोगानें २००५ सालीं कंपनीस ५४ लक्ष ५० हजार डॉलर दंड केला. खोटी माहिती पुरविल्याबद्दल २००६ सालीं आणखी २ कोटी ८० लक्ष डॉलर भरण्याचें तिनें कबूल केलें. आणि पुढें दोन माजी कर्मचारी न्यायालयांत दोषी ठरले. आयोगही सुटला नाहीं. मुदत देतांना कंपनीच्या नुकसानीचा विचार मोठ्या प्रमाणांत झाला, असें त्याच्याच महातपासनिसाच्या कचेरीनें २००२ च्या अखेरीस लिहून ठेविलें.

मागीलप्रमाणें.—ही हकीकत आम्हीं वाचली तेव्हां परक्यांस हंसण्याची आमची छाती झाली नाहीं. आमच्या नोकरींत एका तालुक्यांत असतांना एका लहान तलावाच्या बांधाची पाहणी दर वर्षीं मृगापूर्वीं होत असे. पहिल्या वर्षीं "बांध सुस्थितींत" असा शेरा पडला. दुसऱ्या वर्षीं "मागीलप्रमाणें". तिसऱ्या वर्षींही "मागीलप्रमाणें". बांधाच्या पायथ्याशीं खेंकड्यांनीं बिळें केलीं आहेत व उन्हाळ्यांतही तेथें ओल असते, असें गांवचा कोतवाल कचेरींत येऊन सांगून गेला होता. पण तें तोंडी होतें, आणि रजिस्टरांत त्यासाठीं रकाना नव्हता. चौथ्या पावसाळ्यांत बांध फुटला. माणसें वांचलीं, परंतु खालच्या अंगाच्या शेतांची काळी माती वाहून मुरूम उघडा पडला. त्या शेरांच्या स्वच्छ प्रती आमच्या अक्षरांत होत्या. आम्हांस कोणीं दोष दिला नाहीं. पण तीं शेतें आम्हीं पाहिलीं आहेत.

दोन्हीकडे चिन्हें कोणास दिसलीं नव्हतीं असें नाहीं. तांबडी पूड दिसली होती, गंजलेलीं गाळणीं दिसलीं होतीं, बांधाची ओलही दिसली होती. परंतु प्रत्येक चिन्ह आपआपल्या वहींत पडून राहिलें, तीं जवळ ठेवून "हें कशामुळें?" असें कोणीं विचारलें नाहीं. पाहणी करणें निराळें व पाहणी लिहिणें निराळें. जें दिसलें नाहीं तेथें "दिसलें नाहीं" असें लिहिण्याऐवजीं "ठीक आहे" असें लिहिलें कीं धोक्याचें बीं पेरलें गेलें असें समजावें.

अमेरिकन आयोगानें पुढें २००३ सालीं असा हुकूम काढला कीं, झांकणाचा उघडा धातु प्रत्यक्ष पाहिलाच पाहिजे. आमच्या मतें सर्व धडा ह्या एका हुकुमांत आला आहे. तारापूरच्या काय किंवा दुसऱ्या कोणत्या केंद्राच्या पाहणीविषयीं विचारावयाचें तें भीतीनें विचारूं नये आणि अंधविश्वासानें गप्पही राहूं नये. चारच गोष्टी विचाराव्या. पाहणी कोणीं व केव्हां केली ? कोणता भाग पाहावयाचा राहिला, व कां ? मागील शेऱ्यावर प्रत्यक्ष काय केलें ? आणि पाहणाऱ्यास काम थांबविण्याचा अधिकार होता काय ? ह्यांचीं सरळ उत्तरें मिळालीं तर ती पाहणी खरी.

हेच चार प्रश्न आपल्या सोसायटीच्या गुदामास, विहिरीवरील विजेच्या तारांस आणि शेताच्या ताली-बांधांसही लागू आहेत. पावसाळा तोंडावर आला आहे. वाचकांनीं आपल्या बांधावरून स्वतः एकदां चालत जावें, पायथ्याशीं वांकून हातानें माती चांचपावी, आणि ओल लागल्यास त्याच दिवशीं कुदळ घ्यावी, अशी आमची त्यांस विनंति आहे.