सोसणाऱ्या झाडांचे आनुवंशिक धन

क्रिकेटच्या यष्ट्या आपणां सर्वांच्या परिचयाच्या आहेत. इंग्लंडमध्ये त्या परंपरेने ज्या लाकडाच्या करीत, तो ‘ॲश’ नावाचा वृक्ष होय. त्याचे लाकूड चिवट आणि लवचिक. म्हणून हत्यारांच्या दांड्यांसाठीही ते वापरीत. युरोपच्या अरण्यांतील हा मूळचा रहिवासी आज एका बुरशीमुळे संकटात सापडला आहे.

ही बुरशी पूर्व आशियातली. तेथील ॲशच्या जातींशी तिचे फार जुने साहचर्य असल्यामुळे त्यांना तिच्यापासून फारशी इजा पोहोचत नाही. युरोपातील ॲशला मात्र ती सर्वस्वी नवखी होती. १९९२ च्या सुमारास पोलंडमध्ये झाडे वाळताना दिसली. २०१२ साली हा रोग ब्रिटनमध्ये आढळला. उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर येणारे बीजाणू पानांवर पडतात. बुरशी देठावाटे फांदीत उतरते, पाण्याचा मार्ग खुंटतो, आणि झाड शेंड्याकडून वाळू लागते.

तथापि सर्वच झाडे मरत नाहीत. शेजारची झाडे वाळून गेली असता एखादे झाड हिरवे राहते. त्याला रोग मुळीच शिवत नाही असे नव्हे. ते तो सोसून जगते. ही सहनशीलता बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. मग ती एखाद्या विशिष्ट जनुकात साठविलेली असते काय?

२०१६ साली ॲशच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ३९,००० जनुके आढळली. पुढे २०१९ साली शास्त्रज्ञांनी १,२५० झाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी आणि रोगट झाडांची तुलना करता, जनुकसंचात तीन हजारांहून अधिक ठिकाणी सहनशीलतेशी निगडित फरक दिसले. म्हणजे रामबाण असे एकच जनुक नाही. थेंबे थेंबे तळे साचावे, तशी ही शक्ती अनेक जनुकांच्या अल्पशा साहाय्याने साचते.

याचे प्रत्यंतर सरे परगण्यातील एका वनात आले. रोगापूर्वी वाढलेली झाडे आणि नंतर रुजलेली रोपे यांची तुलना शास्त्रज्ञांनी २०२५ साली प्रसिद्ध केली. नव्या पिढीत सहनशीलतेस पोषक अशी जनुकरूपे किंचित वाढलेली होती. दुर्बळ रोपे मरत होती, सबळ उरत होती; निसर्गाने निवड आरंभिली होती.

परंतु निवडीला वाव हवा. रोगाच्या धास्तीने आपण सरसकट कुऱ्हाड चालविली, तर वाळलेल्या झाडांबरोबर सोसणारी झाडेही जातील, आणि त्यांच्या बियांतून पुढच्या पिढीस मिळावयाचे धनही नष्ट होईल. शिवाय निसर्गाची गती मंद आहे. म्हणून उत्तम झाडे हेरून त्यांचा परस्पर संकर करण्याचे साहाय्य माणसाने द्यावयास हवे. ज्या वनात मरणाचे थैमान दिसते, तेथेच उद्याचे बी उभे असते. ते ओळखण्याइतका धीर आपण धरला पाहिजे.