ओल्या पानाचे तास

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमध्ये हल्ली अधूनमधून एक लोखंडी खांब दिसतो. वर सौरपट्टी, पर्जन्यमापक आणि वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या. खाली मुळांजवळ ओलावा मोजणारे सेन्सर. आणि मध्ये वेलीच्या पानोऱ्यात तिरकी बसवलेली, पानाच्या आकाराची एक पातळ पट्टी. पाहणाऱ्याचं लक्ष वरच्या वाट्यांकडे जातं, पण द्राक्षासाठी या खांबावरचा सगळ्यात मोलाचा भाग ती पट्टीच आहे. तिच्यावर दव किंवा पाऊस बसला की तिचे विद्युत गुणधर्म बदलतात, आणि पान किती वाजता ओलं झालं, किती वाजता सुकलं, ही नोंद बागायतदाराच्या मोबाइलवर पोचते. काटेकोर शेतीची चर्चा ड्रोन, उपग्रह आणि कृत्रिम बुद्धिमत्तेभोवती फिरते. या यंत्राचं मोल मात्र टळलेल्या फवारण्यांवरून ठरवायला हवं, असं मला वाटतं.

त्यासाठी डावणी हा द्राक्षावरचा रोग कसा लागतो ते पाहावं लागेल. डावणीचे बीजाणू पानावर पडले म्हणून लगेच रोग होत नाही; त्यांना पोहायला पाणी लागतं. पान ओलं असेल तर बीजाणुपिशव्यांमधून शेपटीवाले सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात, पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांपर्यंत पोहत जातात आणि आत शिरतात. तापमान 20 ते 25 अंशांच्या आसपास असलं की याला काही तास पुरतात. त्याआधी पान सुकलं तर ती लागण तिथेच थांबते. तेलकट डाग दिसतो तो त्यानंतर चार-पाच दिवसांनी, कधी आणखी उशिरा. म्हणजे रोग डोळ्यांना दिसतो तेव्हा स्पर्शजन्य औषधाची वेळ निघून गेलेली असते. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा फुटल्यापासून मणी धरेपर्यंत ढग दाटले की ट्रॅक्टरला ब्लोअर जोडला जातो, तो याच धास्तीनं. ही धास्ती खरी आहे. फुलोऱ्यात डावणी घडात शिरली तर वर्षाची मेहनत जाते. पण भुरी या दुसऱ्या रोगाला पानावर पाणी लागत नाही, ती कोरड्या ढगाळ हवेतही पसरते. ‘वातावरण खराब आहे’ एवढ्यावर फवारणारा बागायतदार दोन वेगळ्या धोक्यांना एकाच मापानं मोजतो. मग औषधं वाढतात, आणि एकाच गटातली औषधं वारंवार मारली की रोग त्यांना दाद देईनासा होतो.

अनुभवी बागायतदाराला हे आकाशाकडे पाहूनच कळतं, असा आक्षेप घेतला जातो. पाऊस त्याला कळतो, हे खरं. पण मध्यरात्री धरलेलं दव सकाळी किती वाजेपर्यंत टिकलं हे झोपेत कुणाला कळणार? कादवा नदीच्या काठच्या बागेत ते उशिरापर्यंत राहतं, माळावरच्या बागेत लवकर उडतं. राज्याच्या महावेध प्रकल्पातली हवामान केंद्रं महसूल मंडळाच्या पातळीवर आहेत. पीकविम्याला त्यांचा आधार मिळतो, पण एका बागेतल्या पानाची स्थिती तिथून सांगता येत नाही. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन एकरवाल्याला स्वतंत्र खांब परवडणं कठीण. एकाच उताराच्या, एकाच छाटणीच्या शेजारच्या बागांनी मिळून एक खांब घेणं शक्य आहे, पण तो कुणाच्या बागेत उभा राहणार हे सोयीवरून नव्हे, दव सर्वात जास्त वेळ कुठे टिकतं यावरून ठरायला हवं. पट्टीची निगाही हवी. बोर्डो मिश्रणाचा निळसर थर किंवा धूळ तिच्यावर साचली तर नोंदी चुकतात. फवारणीनंतर ती ओल्या फडक्यानं पुसावी लागते, आणि हे काम नेमकं कुणाचं, हे गटात आधीच ठरलेलं बरं.

सर्वात कठीण प्रश्न जोखमीचा आहे. यंत्र म्हणालं ‘आज गरज नाही’ आणि डावणी आली, तर तोटा बागायतदाराचा. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. सल्ला देणाराच औषधं विकत असेल तर ‘फवारू नका’ हे वाक्य त्याच्या तोंडून क्वचितच येईल. म्हणून फुलोऱ्याच्या नाजूक दिवसांत धोका पत्करू नये, पानं उलटून पाहणं सोडू नये. सलग कोरड्या रात्री असताना मात्र नोंदीवर विसंबावं. निर्यातदार बागायतदार हे करायला तयार होतो, कारण त्याच्या संयमाला दाम मिळतो. 2003 साली युरोपात भारतीय द्राक्षांत औषधांचे अंश सापडले, त्यानंतर ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभी राहिली: बागेची नोंदणी, काढणीआधी नमुना, प्रयोगशाळेचा दाखला. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची सीमा आहे. तिथे एक अनावश्यक फवारणी अख्खा कंटेनर अडवू शकते.

देशी बाजारात हे गणित मोडतं. पंधरा फवारण्यांचा माल आणि आठ फवारण्यांचा माल एकाच क्रेटमध्ये, एकाच भावानं जातो. अशा वेळी खांबांना अनुदान दिलं तर खांब वाढतील, फवारण्या कमी होतीलच असं नाही. नाशिक, पुणे, मुंबईच्या बाजारांत येणाऱ्या द्राक्षांचे नमुने नियमित तपासले जावेत, निकाल बागेच्या नोंदणी क्रमांकासह जाहीर व्हावेत, आणि पानओलीची नोंद कंपनीच्या संगणकात न अडकता बागायतदाराच्या हाती राहावी, म्हणजे कमी फवारलेल्या मालाला वेगळा भाव मागताना तो ती खरेदीदारापुढे ठेवू शकेल.