नगरपरिषद, मतदार आणि आपली जबाबदारी

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपण सर्वजण जाणतो. परंतु त्या इतिहासात एका नगरपालिकेचाही धडा आहे, त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. त्यास अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदोपत्री हक्क मिळाला, पण पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. ठराव दप्तरातच पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह पाणी प्राशन केले, तेव्हा कुठे त्या ठरावात प्राण आला. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तो रद्दही केला आणि न्यायासाठी १९३७ च्या उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावे लागले.

यावरून आम्ही एवढेच शिकतो, की ठराव होणे वेगळे, तो अमलात येणे वेगळे आणि तो टिकणे आणखी वेगळे. या तिन्हींवर लोकांची नजर असावी लागते.

मताचा हक्क असा मिळाला

बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची मागणी केली आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदानाचा आग्रह धरला. आमचा मराठवाडा तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. येथील सर्व प्रौढांना आमदार निवडण्याचा अधिकार १९५२ च्या निवडणुकीत प्रथमच बजावता आला. १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. १ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने नगरपरिषदेची मुदत पाच वर्षांची ठरविली, महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या आणि राज्य निवडणूक आयोगाची तरतूद केली. महाराष्ट्रात २०११ पासून महिलांच्या जागा निम्म्या झाल्या.

तरीही कायदा आपोआप चालत नाही. आरक्षण व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात गेले आणि राज्यातील अनेक नगरपरिषदांचा कारभार काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले.

यादीत नाव नाही तर काहीच नाही

आमच्या परिचयाच्या एका वस्तीत एक वृद्ध माता नवे लुगडे नेसून मतदानाला गेली. यादीत तिच्या नावापुढे 'मयत' असा शेरा होता. केंद्रावरच्या लोकांनी तिला परत पाठविले. "मी जित्ती हाय की रं," एवढेच ती म्हणत होती. तो दिवस आम्ही विसरलो नाही.

नगरपरिषदेसाठी यादी नव्याने तयार होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादीच प्रभागवार फोडली जाते. प्रारूप यादी लागल्यावर हरकतींना थोडेच दिवस मिळतात. तेव्हा चुकीच्या प्रभागात गेलेले नाव किंवा लेखनिकाची चूक दुरुस्त होते. पण मुळात नोंदच नसेल तर नवे नाव घालता येत नाही. म्हणून काम आधीच केले पाहिजे. नवीन नावासाठी नमुना ६ आणि दुरुस्ती किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा. नाव वगळण्यासाठी नमुना ७ असतो, तो आपल्या माणसांविरुद्ध कोणी भरला आहे काय, इकडेही लक्ष असावे.

आमच्या भागातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. लातूर जिल्ह्यातील नगरपरिषदांचे मतदान १४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. २०२५ सालीही महिना डिसेंबरचाच होता. म्हणजे ऐन हंगाम! घराला कुलूप दिसले की 'स्थलांतरित' असा शेरा पडण्याची भीती असते. अशा घरांची नोंद शेजाऱ्यांनीच ठेवावी.

मतदानानंतरची पाच वर्षे

तीन लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या नेमणे घटनेनेच सांगितले आहे. औशासारख्या लहान शहराला तसे बंधन नाही. तेव्हा येथे नजर ठेवण्याचे काम नागरिकांनाच करावे लागेल.

साधन हाताशी आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या शुल्कात कोणालाही माहिती मागता येते; दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास अपील करता येते. पुण्यात सजग नागरिक मंचासारख्या संस्थांनी याच मार्गाने महापालिकेला जाब विचारला. महाराष्ट्र शासनाने २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने स्थानिक संस्थांमधील फायली दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना पाहू देण्याची सूचना दिली. आपल्या गावी ती पाळली जाते काय, हे जाऊन विचारणे हेच पहिले काम होय. मुंबईत तर २००७ साली जुहूच्या नागरिकांनी एकत्र येऊन आपला उमेदवार अ‍ॅडॉल्फ डिसोझा यांना महापालिकेवर निवडून दिले. मतदार संघटित झाला तर पक्षाच्या तिकिटावाचूनही भागते, हे त्यांनी दाखविले.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या प्रभागाची यादी घरोघर जाऊन वाचा. अंदाजपत्रकात आपल्या वस्तीच्या नळ, नाली व दिव्यांसाठी किती रक्कम धरली आणि खर्च किती झाला, ते मागा. दलित वस्ती सुधारणेचा निधी वस्तीतच लागला काय, ते डोळ्यांनी पाहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा अर्ज लिहून द्या. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे. नळाचे पाणी हा सुद्धा कारभाराचाच प्रश्न आहे.

शंभर-दोनशे रुपयांत मत विकले, तर पुढची पाच वर्षे तोंड उघडण्याचा अधिकार आपणच गमावतो. ज्या हक्कासाठी आपल्या पूर्वजांनी लाठ्या खाल्ल्या, तो यादीतून गळू देऊ नका, बाजारात विकू नका आणि मतदानानंतर झोपी जाऊ नका, अशी आमची सर्वांना नम्र विनंती आहे.