अग्निशमन दलाची परीक्षा कशी घ्यावी?

१४ एप्रिल हा दिवस आपल्या घराघरांत कशासाठी साजरा होतो, हे वाचक बंधू-भगिनींना सांगावयास नको. परंतु याच तारखेला देशभरातील अग्निशमन केंद्रांवर जवान आपल्या मृत सहकाऱ्यांना मानवंदना देतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकेही होती. दुपारी दोनच्या सुमारास आग ध्यानात आली. बंब आले, नऊशे टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले, तरी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झालाच. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात मृत्युमुखी पडले.

आता प्रश्न असा की, आग विझली नाही म्हणून त्या दलाला नापास म्हणायचे काय? कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात कोणी भरली, याचा जाब पाण्याची नळी धरणाऱ्या माणसाला विचारता येत नाही. उलट, एखादी आग विझली म्हणून दल पास, असेही नाही. आग शेवटी विझतेच. जाळायला काही उरले नाही की ती आपोआप विझते! तेव्हा वर्षाला किती आगी विझवल्या, किती नवे बंब घेतले, हे आकडे सभेत वाचून दाखवायला बरे. त्यांवरून दलाची पारख होत नाही.

खरी पारख घड्याळावर होते. आपल्याकडे अग्निशमनविषयक केंद्रीय सल्लागार समितीने ठरविलेला दंडक असा की, शहरात धोक्याच्या मानाने तीन ते पाच मिनिटांत, तर ग्रामीण भागात वीस मिनिटांत पहिला बंब पोहोचावा. पण ही मिनिटे कोठून मोजायची? दलाच्या नोंदवहीत वर्दी मिळाल्यापासून बंब दारात येईपर्यंतचा वेळ असतो. ज्याचे घर जळते, त्याचे घड्याळ त्याआधीच सुरू झालेले असते. आग दिसणे, फोन लागणे, पत्ता समजणे, जवान गाडीत बसणे, गाडी पोहोचणे आणि नळी जोडून पाण्याचा पहिला फवारा उडणे, हे सर्व टप्पे वेगवेगळे मोजले तरच उशीर नेमका कोठे झाला ते कळते.

आपल्या कार्ल्याचेच उदाहरण घेऊ. लोणावळा नगर परिषदेचे अग्निशमन दल येथून दहा-बारा किलोमीटरवर आहे. ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने बारा किलोमीटरला अठरा मिनिटे लागतात, म्हणजे कागदावर दंडक जेमतेम पाळला जातो. पण चैत्रात एकवीरा देवीची यात्रा असो की पावसाळ्यातला रविवार, जुन्या महामार्गावर गाड्यांची जी रांग लागते, ती आपण सर्वांनी सोसली आहे. आणि बंब पायथ्याशी आला तरी शेवटची चढण पायऱ्यांचीच. लेण्यांवर सहल नेताना आमच्यातील वयस्क मंडळींना तेथे दोनदा टेकावे लागते. मग खांद्यावर नळ्या घेतलेल्या जवानाने किती धावायचे?

येथे जळण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. लेणी पाषाणाची आहेत, हे खरे. परंतु कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्र आहे. सुमारे दोन हजार वर्षांचे हे लाकूड आजही जागेवर आहे. घर जळाले तर पुन्हा बांधता येते, हे लाकूड पुन्हा आणता येणार नाही. म्हणूनच या ठिकाणी वीस मिनिटांचा दंडक आम्हांला अपुरा वाटतो. येथील पहिली मदत आधीपासून वरच हजर हवी: चालू स्थितीतील अग्निशामक नळकांडी, ती हाताळता येणारा पहारेकरी आणि गाभ्याजवळ मेणबत्ती, अगरबत्ती न नेण्याची शिस्त. हे शेवटचे आपल्याच मंडळींना सांगावे लागते, याचा थोडा संकोच वाटतो. पण सांगितले पाहिजे.

सरासरीचा फसवेपणाही ध्यानात घ्यावा. समजा, नऊ वर्द्यांना बंब पाच मिनिटांत पोहोचला आणि दहाव्या वर्दीला पंचेचाळीस मिनिटे लागली. सरासरी निघते नऊ मिनिटे. आकडा बरा दिसतो, पण दहाव्या घराचे काय? ती दहावी वर्दी बहुधा वस्तीच्या टोकाची, अरुंद बोळातली असते. अमेरिकेतील एनएफपीए या संस्थेच्या मानकात शंभरपैकी नव्वद वेळा ठरावीक वेळेत पोहोचले काय, असे पाहतात. ही पद्धत अधिक प्रामाणिक होय.

काही प्रसंगी मात्र घड्याळही अपुरे पडते. १३ जून २०२३ रोजी द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळच्या कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. पेटते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडले. त्या दिवशी चौघांचा बळी गेला. असा लोळ काही क्षणांत खाली येतो. कोणताही बंब तेवढ्यात पोहोचत नाही. अशा वेळी पाहायचे ते पुढचे: दोन्ही बाजूंची वाहतूक किती लवकर थांबली, रसायन कोणते ते जवानांना केव्हा कळले, फेस होता की नुसतेच पाणी. साडेचार हजार लिटरच्या टाकीतून मिनिटाला साडेचारशे लिटर पाणी सोडले, तर टाकी दहा मिनिटांत रिकामी होते. पुढचे पाणी कोठून येणार, हे आधी ठरलेले नसेल तर वेळेवर पोहोचूनही उपयोग नाही.

आणि जी आग लागलीच नाही, तिचे श्रेय कोणत्या रकान्यात लिहायचे? महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यावा लागतो. मुंबईच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी १४ जण गेले, तेव्हा चर्चा बंबांपेक्षा या नियमांच्या पालनाचीच अधिक झाली. असे किती दाखले आले, किती जागा प्रत्यक्ष तपासल्या, किती नोटिसा दिल्या, हेही दलाच्या प्रगतिपुस्तकात हवे.

ही माहिती मागण्यास कोणी पुढारी असावे लागत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून साधा अर्ज करता येतो. उत्तर तीस दिवसांत मिळावे लागते. मागील वर्षातील प्रत्येक वर्दीची वेळ, बंब निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, मंजूर पदे व भरलेली पदे एवढेच मागावे. कार्ल्यासाठी आणखी एक ओळ जोडावी: यात्रेच्या दिवशी बंब कोठे उभा असतो आणि पायऱ्यांवरून पाणी वर नेण्याची सोय काय आहे?