आठवण शाबूत, शब्द गायब

डिमेन्शिया म्हटलं की चष्मा कुठे ठेवला ते विसरणारे आजोबा डोळ्यांपुढे येतात. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया तिथेच चकवतो. तो बहुधा ४५ ते ६५ या वयात गाठतो आणि सुरुवातीला स्मरणशक्तीला फारसा हात लावत नाही. झिजतो तो कपाळामागचा आणि कानशिलांलगतचा मेंदू. कुणाचा स्वभाव पालटतो, कुणाची भाषा जाते. भिडस्त माणूस लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानातली जिलेबी उचलू लागला, तर ‘याला मेंदूचा आजार आहे’ असं कुणाच्या मनात येईल? निदानाआधीची काही वर्षं अशीच भांडणांत जातात.

कॅनडातल्या अ‍ॅन अ‍ॅडम्स या शास्त्रज्ञ बाईंना भाषा गिळणारा प्रकार झाला होता. १९९४मध्ये त्यांनी संगीतकार राव्हेलच्या ‘बोलेरो’ या रचनेचं चित्र रंगवलं: संगीताच्या एकेका तालखंडासाठी एक उभी आकृती, आणि आवाज चढेल तशी तिची उंची वाढती. तेव्हा त्या व्यवस्थित बोलत होत्या. काही वर्षांनी शब्द अडखळू लागले, वाक्यं आखूड झाली, पुढे वाचाच गेली. तरी कुंचला बराच काळ चालत राहिला. २००७मध्ये त्या गेल्या. गंमत म्हणजे खुद्द राव्हेललाही उतारवयात भाषेने दगा दिला होता. त्याचा आजार नेमका कोणता, यावर डॉक्टर अजून वाद घालतात.

स्वभावाच्या आणि भाषेच्या प्रकारांची सुरुवात वेगळी असली तरी पुढे वाटा एकमेकींत मिसळतात. वागणं, बोलणं, हळूहळू आठवणही ढासळते. शेवटी चालणं जड होतं, घास गिळताना ठसका लागतो. अनेकांचा अंत न्यूमोनियाने होतो. झीज थांबवणारं औषध अजून नाही.